पाटी बदलणाऱ्या पेशी आणि एक कापलेला परिच्छेद

तालुका बातमीदाराच्या बातमीतला शेवटचा परिच्छेद सहसा कोणी वाचत नाही, कारण तो सहसा छापलाच जात नाही.

बाहेरच्यांसाठी थोडं स्पष्ट करतो. शिरूरसारख्या ठिकाणी बसलेला बातमीदार बातमी लिहितो आणि पुण्याला पाठवतो. तिथे डेस्कवर बसलेला उपसंपादक ती पानात बसवतो. ऐन वेळी जाहिरात येते आणि जागा कमी होते. मग उपसंपादक बातमी कापतो, ती नेहमी खालून. मजकूर वाचून कापायला त्याच्याकडे वेळ नसतो, ओळी मोजून कापायला असतो. म्हणून महत्त्वाचं वर आणि बिनमहत्त्वाचं खाली, हा या धंद्यातला पहिला धडा. अपघातात कोण गेलं ते वर, कोणी मदत केली ते खाली. कार्यक्रमाचे अध्यक्ष वर, उपस्थित मान्यवर खाली.

उपस्थित मान्यवर हे बातमीदाराचं सर्वात चिवट गिऱ्हाईक. न्हावऱ्याकडचे एक आबा लागोपाठ तीन कार्यक्रमांना गेले आणि तिन्ही वेळा त्यांचं नाव कापलं गेलं. चौथ्या दिवशी ते सकाळीच घरी आले.

"पत्रकार, आमचं नाव खाली का टाकता?"

"आबा, तुम्ही नवव्या नंबरचे उपस्थित होता."

"मग वर यायला काय करावं लागतं?"

"अध्यक्ष व्हावं लागतं."

वर्षभरात आबा एका भजनी मंडळाचे, एका पतसंस्थेचे आणि कुस्त्यांच्या एका कमिटीचे अध्यक्ष झाले. त्यानंतर त्यांचं नाव एकदाही कापलं गेलं नाही.

बातमी पाठवण्याची रीतही सांगायला हवी. नव्वदच्या दशकात तातडीची बातमी एसटीडी बूथवरून फोनवर सांगायची. बाकी सगळ्या बातम्या एका पाकिटात घालून दुपारी चारच्या पुणे गाडीत द्यायच्या. ही गाडी बरीच वर्षं भागाजीआप्पा चालवत. ते मांडवगण फराट्याचे. शिरूर डेपोतला सर्वात शांत आणि सर्वात हट्टी ड्रायव्हर अशी त्यांची ख्याती होती. पाकीट ते कंडक्टरकडे देत नसत, आपल्या सीटमागे खोचत. सगळ्या वर्षांत एकही पाकीट हरवलं नाही. तालुक्याच्या बातम्या पुण्यात पोचल्या त्यात माझ्याइतकाच त्यांचा वाटा आहे आणि हे ते मला दर भेटीत सांगत.

आप्पा निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी डेपोच्या कँटीनमध्ये भेटले.

"पोरगी आलीया अमेरिकेतनं," ते म्हणाले. "सुजाता. रक्तातल्या पेशींवर काम करतीया. येऊन लिवा काहीतरी. पर समजून लिवा. मला तिनं दोनदा सांगितलं आन् दोन्ही वेळा येगळं समजलं."

मी मांडवगणला गेलो. आप्पांच्या ओसरीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खुर्च्या मांडल्या होत्या. सुजाताने शाळा गावात, कॉलेज शिरूरला आणि पुढचं शिक्षण पुण्यात केलं होतं. पीएच.डी. नंतर ती परदेशातल्या एका प्रयोगशाळेत रुजू झाली होती. तिने वहीत चित्र काढायला सुरुवात केली. पाच मिनिटांत वही भरली आणि मला काहीच समजलं नव्हतं.

तेव्हा आप्पांनी हस्तक्षेप केला. "गाडीवर घालून सांग."

सुजाता हसली. मग जे झालं ते माझ्या वहीत आहे तसं देतो.

"रक्तात जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी असतात. त्या म्हणजे एसटी समजा. प्रत्येक गाडीवर एक पाटी असते, तिला आम्ही रिसेप्टर म्हणतो. पाटीवर असेल तिथेच गाडी जाते. कुणावर अमुक एक जंतू, कुणावर तमुक."

"पाटी लिवतं कोण?" आप्पांनी विचारलं.

"कोणीच नाही. जनुकांचे तुकडे कापून, कसेही जोडून पाटी तयार होते. नशिबाने. म्हणून तर कोट्यवधी तऱ्हेच्या पाट्या असतात आणि कुठलाही नवा जंतू आला तरी त्याच्याकडे जाणारी एखादी गाडी सापडते."

"आन् नशिबानं आपल्याच डेपोच्या भिंतीची पाटी लागली मंग?"

"तीच तर अडचण. मग गाडी आपल्याच शरीरावर जाते. सांध्यावर गेली की सांधे सुजतात. म्हणून छातीच्या हाडामागे थायमस नावाचा डेपो आहे. तिथे प्रत्येक गाडी तपासतात. आपल्याच भिंतीची पाटी असली तर बहुतेक गाड्या तिथेच मोडीत काढतात."

आप्पा खुर्चीतून उठलेच. "चालू गाडी मोडीत? आगं, पाटी बदला की!"

सुजाताने पेन खाली ठेवलं. "आप्पा, आम्ही काही वर्षं हेच बघतोय. तपासणीतून निसटून काही गाड्या बाहेर पडतात. त्यातल्या काही नुसत्या गप्प बसतात, काही मरतात. पण काही गाड्या, रस्त्यात असताना, ते कापायचं आणि जोडायचं यंत्र पुन्हा चालू करतात आणि स्वतःची पाटी बदलतात."

"यात नवीन काय हाय?" आप्पा म्हणाले. "आम्ही दौंड गाडीवर हुतो तवा रोज न्हावऱ्याला उतरून पाटी बदलायचो. शिरूर ते न्हावरा संपलं की न्हावरा ते दौंड."

"तुम्ही वाचून लावायचात. या न वाचताच लावतात. चुकली तर पुन्हा बदलतात."

"मंग ह्यो शोध आमच्या डेपोचाच हाय," आप्पांनी जाहीर केलं आणि चहा सांगितला.

मी उठलो तेव्हा सुजाता दारापर्यंत आली. "एक नक्की लिहा. हे आम्ही फक्त उंदरांत पाहिलंय. माणसात किती होतं, माहीत नाही. यातून औषध निघेल का, तेही माहीत नाही. पेशंटनी आपली औषधं चालू ठेवायची. हे लिहाल ना?"

"लिहीन," मी म्हणालो, आणि लिहिलंही.

वृत्तसंपादकांना फोनवर विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, "रविवारी पहिल्या पानावर घेतो. तुमच्या नावासह." तालुका बातमीदाराचं नाव छापत नाहीत. 'वार्ताहर' एवढंच येतं, तेही कंसात. तोवरच्या बारा वर्षांत माझं नाव एकदाही आलं नव्हतं. मी बूथमधून बाहेर पडलो आणि उरलेले सुटे पैसे न घेताच घरी आलो.

बातमी चांगली झाली होती. सुरुवात आप्पांच्या पाटीने, मग डेपो, मग न्हावरा, मग सांधे. उंदीर त्यात कुठेच बसेनात. वर घातले की बातमीची हवा जाई, मध्ये घातले की गाडी थांबे. म्हणून ते शेवटी घातले. डेस्क खालून कापतं हे तालुक्यात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी पहाटे स्टँडवर एजंटाने गठ्ठा सोडायच्या आत मी एक अंक ओढून घेतला. आधी माझं नाव वाचलं. मग मथळा वाचला: 'शिरूरच्या कन्येने लावला संधिवाताचा छडा'. मग पुन्हा नाव वाचलं. बातमी शेवटपर्यंत वाचली नाही, ती तर मीच लिहिलेली होती.

सोमवारी सुजाता अंक घेऊन शिरूरला आली. तिने बातमीच्या शेवटी बोट ठेवलं. बोटाखाली शिवणयंत्रांची जाहिरात होती.

"उंदीर कुठे आहेत?"

उंदीर नव्हते. औषधं चालू ठेवा हेही नव्हतं. मी त्याच दिवशी खुलासा लिहून पाकिटात घातला. डेस्कने फोनवर सांगितलं, "जागा झाली की बघू."

तोवर मांडवगणला जीपगाड्या लागायला लागल्या होत्या. गुडघे, मनगटं, पाठी. शिक्रापूरच्या कारखान्यातून एक फोरमन सुट्टी टाकून आला, बरोबर सासूबाईंना घेऊन. सुजाता प्रत्येकाला तेच सांगत होती: औषध नाही, मी पेशंट बघणारी डॉक्टर नाही, तुमच्या गोळ्या बंद करू नका. लोक मान डोलावत आणि म्हणत, "व्हय ताई, पर एकदा हात तरी लावा."

गुरुवारी शिरूरच्या एका मंगल कार्यालयात तिचा सत्कार होता. तो बातमीच्या आधीच ठरलेला होता. अध्यक्षस्थानी अर्थातच आबा. बाहेर मिरवणुकीची जीप उभी होती, शेवंतीच्या माळा लावलेली, टपावर कर्णा बांधलेला. आत निम्मं सभागृह एक्स-रेची पाकिटं घेऊन बसलेलं. भाषणं सुरू व्हायच्या आधीच लोक स्टेजवर चढू लागले. तेव्हा गुलाबी फेटा बांधलेले आप्पा पुढे झाले आणि तीस वर्षांचा सराव कामी आला.

"एका टायमाला एक! मागनं चढा, पुढनं उतरा! दारात उभं ऱ्हायचं न्हाई!"

रांग लागली. याच वेळी दौंड गाडीच्या कंडक्टरने माझ्या हातात पेढ्यांचा पुडा आणि एक चिठ्ठी दिली. पुडा मी शेजारी ठेवला, तो रांगेने संपवला. चिठ्ठी वाचली ती अशी:

'सा. न. वि. वि. रविवारची बातमी वाचली. त्याच दिवसापासून गोळी बंद केली. दोन वर्षं रोज घेत होते. बोटं अजून दुखतात, पण कालपासून गरगरतंय आणि अन्न जात नाही. म्हणजे आतल्या पाट्या बदलायला लागल्या असणार. ताईंना आशीर्वाद. पेढे गोड मानून घ्यावेत. कुसुम टेलर, रेल्वे फाटकाजवळ, दौंड.' खाली गोळीचं नावही लिहिलं होतं, शिलाईच्या पावतीवर मापं लिहितात तसं.

मी चिठ्ठी सुजाताला दिली. तिच्या गळ्यात तीन हार होते. तिने वाचलं आणि तीनही काढले.

"ही स्टेरॉइडची गोळी आहे, एकदम बंद करता येत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं घेतल्यावर शरीर स्वतः तसलं द्रव्य तयार करायचं विसरलेलं असतं. गरगरणं म्हणजे पाट्या नाहीत. ती बाई कोसळेल. फोन नंबर आहे?"

नंबर नव्हता. आबा माइकवर होते आणि विज्ञानात तालुक्याचं स्थान या मुद्द्यावर आले होते. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मिरवणुकीच्या जीपची चावी ड्रायव्हरच्या हातातून घेतली आणि म्हणाले, "बसा."

शिरूर ते दौंड हा प्रवास मी अनेकदा केला आहे, पण शेवंतीच्या माळा लावलेल्या जीपमधून एकदाच. कर्ण्याचं बटण कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सनईची कॅसेट चालू राहिली. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं लग्न आहे. न्हावऱ्याला एक जण आडवा आला, "नवरदेव कुठाय?" मागच्या सीटवर मी एकटाच होतो. त्याने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. पुढच्या वळणावर एका आजीने हात करून जीप थांबवली, आत चढून बसली आणि चौफुल्याचं तिकीट मागितलं. आप्पांनी सवयीने विचारलं, "पुढं उभं कोण हाय का?" सुजाता डोळे पुसत होती. रडत होती की हसत होती ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. बातमीत असं संदिग्ध लिहीत नाहीत.

दौंडला फाटकापाशी मालगाडी उभी होती. फाटक बंद. टेलरिंगची दुकानं दोन्ही बाजूंना, पाट्या मात्र कुठेच नीट दिसेनात. सनई अजून वाजत होती. कंटाळून सुजाताने कॅसेट उपटून काढली, तेव्हा तिच्या हाताला माइक लागला. तो तिने आप्पांना दिला. आप्पांनी स्टँडवरच्या घोषणेचा सूर धरला.

"लक्ष द्या. दौंडच्या कुसुमताई टेलर, जिथं असाल तिथं गोळी घ्या. कुसुमताई टेलर, गोळी बंद करायची न्हाई. पेपरातली बातमी अर्धी हाय!"

पाच मिनिटांत निम्मी गल्ली बाहेर आली. एका म्हाताऱ्याने खिशातून आपली रक्तदाबाची गोळी काढली आणि पाणी न घेता गिळली. एका बाईने विचारलं, "पोलिओची का?" शेवटी समोरच्या गिरणीवाल्याने हात दाखवला, "त्या हितं मागं ऱ्हातात. सकाळपास्नं दार लोटलेलं हाय."

कुसुमताई मशीनच्या मागच्या बाकावर आडव्या होत्या. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. शेजारीण वारा घालत होती. आम्हाला बघून त्या हसल्या.

"ताई, तुम्हीच का त्या? बदलायला लागल्यात बगा. नुसतं गरगरतंय. डोळं मिटलं का गाड्याच गाड्या."

सुजाताने त्यांची नाडी धरली आणि माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, "लवकर." उठवताना त्यांचे पाय जमिनीवर टिकेनात. आप्पांनी आणि गिरणीवाल्याने त्यांना उचलून शेवंतीत बसवलं. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, रक्तदाब बघितला, ताबडतोब इंजेक्शन दिलं आणि सलाइन लावलं. मग ते व्हरांड्यात आले. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर अवघड होतं," ते म्हणाले, आणि कुंकू लावलेला मनुष्य या प्रकरणात कोण लागतो ते विचारलं. मी बातमीदार असल्याचं सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

चार तासांनी कुसुमताईंना बरीच हुशारी आली. हुशारी आल्यावर त्या चिडल्या.

"म्हंजी पेपरात आलं ते खोटं व्हय?"

"खोटं नाही," मी म्हणालो. "अर्धं आहे."

"मग उरलेलं कुठाय?"

ते माझ्या पिशवीत होतं. बातमीदार कार्बन लावून लिहितो आणि दुसरी प्रत जवळ ठेवतो. ती काढून मी शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. उंदीर. माणसाबद्दल माहीत नाही. औषध नाही. गोळ्या चालू ठेवाव्यात. वाचायला अर्धं मिनिट लागलं.

"एवढंच?"

"हो."

"मग ते पयलं का न्हाई लिवलं?"

"पहिल्या वाक्याने वाचकाला ओढून घ्यायचं असतं."

"मला ओढलं की," कुसुमताई म्हणाल्या आणि सलाइनच्या बाटलीकडे बघितलं. "पार हितवर ओढलं."

आप्पा फेटा सोडून मांडीवर घेऊन बसले होते. कुसुमताईंचा राग गेला नव्हता, पण आता त्यात धंद्याची उत्सुकता आली होती.

"कापतं कोण?"

"पुण्यात एक जण असतो."

"त्यानं वाचलं हुतं का?"

"वाचायला वेळ नसतो. तो खालून कापतो."

"आन् ह्ये तुम्हाला ठाऊक हुतं?"

"हो."

"माझ्याकडं ब्लाउजपीस कमी पडलं तर मी बाही आखूड करते," त्या म्हणाल्या. "गळ्याला हात लावत न्हाई. बाही आखूड झाली तर बाई बोलंल, पण ब्लाउज अंगात जाईल. तुमच्यात शिवणारा येगळा आन् कापणारा येगळा. मग शिवणाऱ्यानं गळा कात्रीपासून लांब ठेवाय नको?"

वृत्तपत्रांच्या कामाबद्दल मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. एवढं नेमकं एकातही ऐकलं नाही.

मग त्या सुजाताकडे वळल्या. "ताई, तुमचं चुकलं न्हाई. पर मला एक सांगा. त्या उंदरांचं सांधं बरं हुत्यात का?"

"काही उंदरांत ती गाडी भिंतीवर जायची थांबते, एवढंच दिसलंय. अजून बरंच बघायचंय."

"बगा बगा. मी हाय हितंच. गोळी घेती तवर. सुई धराया येती तिनं, तेवढं बास."

खुलासा मी दौंडहून आल्यावर नव्याने लिहून पाठवला, तो शनिवारी छापून आला. या वेळी मी धडा शिकलो होतो. इशारा पहिल्या वाक्यात लिहिला, सुजाताचं नाव दुसऱ्या, संधिवात तिसऱ्या, टी पेशी चौथ्या. डेस्कने नेहमीप्रमाणे खालून कापलं. बाजारभावाच्या खाली दीड ओळ आली: 'प्रयोग फक्त उंदरांवर असून औषध नाही. (वार्ताहर)'. सोमवारी मार्केट यार्डातले दोन आडते विचारायला आले, गोदामातल्या उंदरांसाठी आता काय वापरायचं.

माझं नाव पहिल्या पानावर त्यानंतर कधी आलं नाही आणि मी ते मागितलंही नाही. पण पुढच्या वर्षांत जेव्हा जेव्हा औषध, इंजेक्शन, नवी लस किंवा बोअरचं पाणी यांवर लिहिलं, तेव्हा गळा वर ठेवला. डेस्कवरून तक्रार यायची, "तुमच्या बातम्यांची सुरुवात फार रटाळ असते." मी मान्य करायचो. आबांना तर एकदा तीन वाक्यांनंतर घातलं, ते महिनाभर बोलत नव्हते.

सुजाता सुट्टी संपवून परत गेली. दरवर्षी तिचं पत्र आप्पांना येई, आप्पा मला वाचायला देत आणि मी दौंडला गेलो की कुसुमताईंना सांगत असे. त्यांचा प्रश्न कधी बदलला नाही. मशीन थांबवून, चष्मा कपाळावर सरकवून त्या विचारत, "काय म्हणत्यात उंदीर?" चालू आहे म्हटलं की पुन्हा पायडल सुरू. बोटं वाकडी झाली आहेत, पण काज त्या अजून हाताने करतात.

या अंकाच्या संपादकांना एक विनंती आहे. जागा कमी पडली तर हा लेख वरून कापावा. आबा गेले तरी चालतील, माझं नाव गेलं तरी चालेल. फक्त पुढच्या ओळी ठेवाव्यात.

सुजाताने पाहिलं ते उंदरांत पाहिलं. त्यातून कुसुमताईंच्या बोटांसाठी औषध अजून आलेलं नाही. दौंडला फाटकाजवळ त्यांची सकाळची गोळी चालू आहे. तुमची असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.